बारशापर्यंतची मुदत

"तारीख थोडी पुढं नाही का जाणार, डॉक्टर?" अण्णांनी विचारलं.

परांजपे डॉक्टरीणबाईंनी चष्म्याच्या वरून त्यांच्याकडे पाहिलं. "अहो डांगे, लोक लवकर सुटका होऊ दे म्हणून देव पाण्यात घालतात. तुम्ही लांबवा म्हणताय?"

"तसं नव्हे. आठ-पंधरा दिवस इकडंतिकडं होतात म्हणे, म्हणून आपलं विचारलं."

"होतात. पण ते बाळ ठरवतं. त्यात माझं चालत नाही आणि तुमचं तर मुळीच नाही."

मी तपासणीच्या टेबलावर आडवी पडून हसत होते. काळजीने आमच्या वडिलांचं डोकं फिरलंय, एवढंच मला तेव्हा वाटलं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून मी फलटणहून कराडला आले होते. कराड म्हणजे खरं तर शेजारचं मलकापूर. तिथे अण्णांनी स्वतः उभं राहून बांधलेलं तीन खोल्यांचं घर होतं आणि हायवेपलीकडे त्यांची फॅब्रिकेशनची शेड होती. खिडक्यांची ग्रिलं, शटरं, जिने असली कामं ते करायचे. मी आल्यापासून शेड बंदच होती. "सध्या ऑर्डरी नाहीत," असं अण्णा म्हणाले आणि मी ते ऐकून घेतलं. एरवी मी कुणाचं काही सहज ऐकून घेणारी नव्हे. पण नवव्या महिन्यात माझं सगळं लक्ष सुजलेल्या पावलांकडे असायचं.

घरी आल्यावर त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी उभं राहून बराच वेळ काहीतरी मोजलं. माई स्वयंपाकघरात डिंक तळत होती. तिने एकदा वळून त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा कढईत लक्ष घातलं.

दोन दिवसांनी सकाळी मी ओट्यावर बसले होते. फाटकाशी एक स्कूटर थांबली. पस्तिशीचा एक माणूस उतरला. खांद्याला बॅग, इस्त्रीचा शर्ट, कपाळाला घाम. माझ्याकडे बघून तो थबकला आणि म्हणाला, "म्हणजे अजून झालं नाही तर."

"काय झालं नाही?"

"बाळंतपण."

मला रागच आला. "आपण कोण?"

"मी मिणचेकर. बँकेतून आलोय. डांगेसाहेब आहेत का?"

"अण्णा बाहेर गेलेत. आणि माझ्या बाळंतपणाशी बँकेचा काय संबंध हो?"

त्याचा चेहरा पडला. त्याने आधी आत पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं. "ताई, तुम्हाला घरात कुणी सांगितलं नाही का?"

"आता तुम्ही सांगा."

तो सांगायला तयार नव्हता. मीही त्याला सोडायला तयार नव्हते. माझी ती अवस्था बघून असेल किंवा माझ्या आवाजाला भिऊन असेल, शेवटी पायरीवर बसून त्याने सगळं सांगितलं. शेडमध्ये नवी मशिनं घेण्यासाठी अण्णांनी घर तारण ठेवून कर्ज काढलं होतं. एका बिल्डरने तीन इमारतींचं काम करून घेतलं, पैसे बुडवले आणि गाव सोडलं. वर्षभराचे हप्ते थकले होते. बँकेची साठ दिवसांची नोटीस येऊन मुदतही संपली होती. आठवड्यापूर्वी, मी माहेरी यायच्या आदल्याच दिवशी, घराचा कागदोपत्री ताबा घेतल्याची नोटीसही मिणचेकरांनीच आणून दिली होती.

"ती दारावर चिकटवायची असते," तो खाली बघत म्हणाला. "तुमचे वडील म्हणाले, मुलगी पहिलटकरीण आहे, तिच्या डोळ्यांदेखत नको. म्हणून मी आतल्या बाजूने चिकटवली. देवघराच्या दाराला. साहेबांची बोलणी खाल्ली त्यापायी."

देवघराच्या दारावर मी आल्यापासून एक नवा पडदा होता. माईला पडद्यांची हौस म्हणून मी त्याचं कौतुकही केलं होतं.

"मग आता?"

"डांगेसाहेबांनी लिहून दिलंय. मुलीच्या बाळाचं बारसं झालं की त्याच दिवशी घराची किल्ली स्वखुशीने देतो म्हणून. शब्द दिलाय त्यांनी." तो उठला. "ताई, मी नोकर माणूस आहे. पण तुमच्या वडिलांसारखा माणूस मी या कामात बघितला नाही. बाकीचे दार उघडत नाहीत, हे मला चहा पाजतात."

तो गेला तरी मी तशीच बसून राहिले. बाळ आतून लाथा मारत होतं आणि पहिल्यांदाच मला त्याला सांगावंसं वाटलं, थांब रे बाबा, घाई करू नकोस. अण्णा डॉक्टरांना तारीख का विचारत होते ते मला त्या ओट्यावर कळलं. माझ्या बाळाच्या जन्माबरोबर आमच्या घराचे दिवस भरत होते.

अण्णा परत आले तेव्हा मी एकच प्रश्न विचारला. "माझ्या सासरी ठाऊक आहे?"

"नाही. आणि कळूही द्यायचं नाही." ते खुर्चीत बसले. "बारशाला सगळी येतील, गोड जेवून जातील. त्यांची गाडी हलली की मी किल्ली देईन. तुला आणि बाळाला पाटणला मावशीकडं ठेवायचं ठरवलंय."

"आणि तुम्ही दोघं?"

"शेडमध्ये एक खोली आहे की."

"अण्णा, पत्र्याच्या शेडमध्ये माई राहील?"

"कर्ज मी घेतलंय ना? मग द्यायला नको? घर गेलं की फिटलं. कुणाचं देणं डोक्यावर ठेवून मी जगणार नाही."

त्यांच्या आवाजात एक शांतपणा होता. त्याची मला फार भीती वाटली. भांडणारा माणूस निदान वळवता तरी येतो.

दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीचं निमित्त करून मी माईला रिक्षात घातलं आणि कोर्टामागच्या गल्लीत कुलथे वकीलबाईंकडे नेलं. माझी मैत्रीण त्यांच्याकडे टायपिंग करायची, म्हणून नाव ठाऊक होतं. जिना चढताना मला दोनदा थांबावं लागलं. वकीलबाई म्हणाल्या, "अहो, मी खाली आले असते!" आणि आधी पंख्याखाली खुर्ची दिली.

देवघराच्या दारावरच्या नोटिशीतला मजकूर मी उतरवून नेला होता. तो त्यांनी दोनदा वाचला.

"पहिली नोटीस आली तेव्हा वडिलांनी उत्तर काय दिलं?"

"बारशापर्यंत मुदत मागितली."

वकीलबाईंनी कपाळावर हात ठेवला. "अहो, त्या साठ दिवसांत हरकत घेता येते. व्याज कसं लावलं, हिशोब बरोबर आहे का, सगळं विचारता येतं, आणि बँकेला लेखी उत्तर द्यावं लागतं. लोक त्यात काय काय लिहितात. बाळंतपणाची रजा मागणारा कर्जदार मी पहिल्यांदाच बघतेय."

मला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही आलं. माई मात्र टेबलावरच्या काचेखालचे देवांचे फोटो बघत बसली होती.

"मग आता काहीच नाही का?"

"आहे ना. ही ताब्याची नोटीस मिळाल्यापासून दीड महिन्याच्या आत पुण्याच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं. ते काही रक्कम भरायला लावतील, पण स्थगिती मिळू शकते. दरम्यान बँकेशी एकरकमी तडजोड बोलता येते. तेही नाही जमलं तर बँकेच्या संमतीने आपण स्वतः गिऱ्हाईक बघून घर विकायचं. लिलावापेक्षा चांगला भाव येतो आणि कर्ज फेडून उरलेला पैसा आपला."

"अण्णा म्हणतात घर दिलं की फिटलं."

"कुणी सांगितलं त्यांना? लिलावात कमी आले तर बाकीचे पैसे त्यांच्याच अंगावर राहतात. घरही गेलं आणि कर्जही उरलं, असे किती जण या खुर्चीत येऊन बसतात." त्या पुढे वाकल्या. "एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. तुम्ही राहत्या घरातून आपणहून निघाला नाहीत तर बँकेला मॅजिस्ट्रेटचा हुकूम आणावा लागतो. त्याला वेळ लागतो, आणि तेवढाच वेळ आपल्याला हवाय. म्हणून काहीही झालं तरी किल्ली द्यायची नाही. एकदा आपल्या हाताने किल्ली दिलीत की मी पुण्याला जाऊन नुसते कागद फडफडवणार."

तेव्हा माईने पहिल्यांदा तोंड उघडलं. "किल्ली दिली नाही तर ह्यांना पकडून नेतील का?"

"नाही हो माई. धंदा बुडून कर्ज थकणं हा गुन्हा नाही."

"बरं," माई म्हणाली. घर दोघांच्या नावावर होतं, तेव्हा अर्जावर माईची एकटीची सहीसुद्धा चालणार होती. तिने वकीलपत्रावर सावकाश, शाळेतल्या अक्षरात सही केली. रिक्षात बसल्यावर मी तिला म्हटलं, "माई, तू अण्णांना सांग. तुझं ऐकतील."

"तीस वर्षांत मी त्यांना कधी नाही म्हटलेलं नाही," माई म्हणाली. "आता कुठून तोंड आणू?"

म्हणून मीच बोलले. वकीलबाईंचा शब्दन् शब्द अण्णांना सांगितला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "खरं असेल की त्यांचं. कायदा त्यांना जास्त कळतो. पण हेमा, मी त्या मिणचेकराला शब्द दिलाय. माझ्या शब्दावर त्याने साहेबाशी वाईटपणा घेतला. आता वकिलाकडं जाऊन त्याला तोंडघशी पाडू?"

"आणि आम्ही तोंडघशी पडलेलं चालतं?"

ते उठून बाहेर गेले. त्यानंतर आमच्यात या विषयावर एक अक्षरही झालं नाही. मी रोज सकाळी पोटावर हात ठेवून आज नको म्हणायची. घरातलं एकेक सामान कमी होत होतं. पितळी डबे गेले, शिलाई मशीन गेलं, अण्णा संध्याकाळी गुपचूप काहीतरी शेडवर नेऊन ठेवायचे. माई दुपट्यांना काठ शिवत बसायची. तिचं हे शांत बसणं बघून मला तिचाही संताप यायचा.

बाळ दिलेल्या तारखेलाच आलं. मुलगा झाला. अण्णा दवाखान्यात त्याला बघायला आले, त्याच्या मुठीत बोट दिलं आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. नर्स म्हणाली, "आजोबांना आनंद आवरत नाही." मी डोळे मिटून घेतले.

बाराव्या दिवशी बारसं ठेवलं. फलटणहून माझे यजमान उदय, मामंजी, सासूबाई आणि नणंद आले. शेजारपाजारच्या बायका जमल्या. पाळण्याला झेंडूच्या माळा लावल्या होत्या. जिलबी, मसालेभात, अळूची भाजी असा सगळा बेत होता, आणि हे सगळं अण्णांनी कशातून केलं ते विचारायची माझ्यात हिंमत नव्हती.

साडेअकराच्या सुमाराला फाटकाशी स्कूटर वाजली.

मिणचेकर इस्त्रीच्या शर्टात उभे होते. एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात झबल्याचं पाकीट. अण्णांनी त्यांना जेवायचं आमंत्रण दिलं होतं! ज्या माणसाला घर द्यायचं त्याला बारशाचं आमंत्रण देणारा माणूस सबंध सातारा जिल्ह्यात एकच असेल, आणि तो माझ्या वाट्याला आला होता.

"हे आमचे स्नेही," अण्णांनी मामंजींशी ओळख करून दिली. मामंजींनी त्यांना शेजारी बसवून घेतलं आणि पाऊसपाण्याच्या गप्पा सुरू केल्या. मिणचेकरांनी बॅग मांडीवरून खाली ठेवली नाही.

नणंदेने बाळाच्या कानात नाव सांगितलं. बायकांनी पाठीत धपाटे घालून तिला बेजार केलं. पंगती उठल्या. अण्णांचा बेत पाहुणे गेल्यावर किल्ली द्यायचा होता, पण उदयने घोळ घातला. "आज मुक्काम करतो, उद्या सकाळी निघू," असं त्याने जाहीर केलं. अण्णांचा चेहरा मी पाहिला. मिणचेकर घड्याळाकडे बघत होते. पाच वाजेपर्यंत त्यांना बँकेत पोचायचं होतं.

अण्णा उठले, दाराजवळच्या खुंटीपाशी गेले. खुंटी रिकामी होती. त्यांनी कपाट उघडलं, शर्टाचे खिसे तपासले, फडताळातले डबे हलवले. मग हलक्या आवाजात माईला विचारलं, "किल्ल्या कुठायत?"

माई पाळण्याची दोरी धरून बसली होती. "बाळाच्या उशाखाली."

"तिथं कशाला?"

"लोखंड ठेवतात की. दृष्ट लागू नये म्हणून."

"मग विळा ठेव, सुरी ठेव. किल्ल्या कशाला? आणि त्या किल्ल्या पितळेच्या आहेत."

"कडी लोखंडाची आहे," माई म्हणाली. "तुमच्याच शेडमधली."

अण्णा क्षणभर तिच्याकडे बघत राहिले. मग पाळण्याकडे वळले आणि वाकून त्यांनी हात आत घातला. मी उठणार तेवढ्यात सासूबाई कडाडल्या, "अहो व्याही, करताय काय? बाळाच्या उशाखालचं लोखंड कधी काढतात का? सव्वा महिना त्याला हात लावायचा नसतो! आजोबा असून एवढं कळत नाही?"

शेजारच्या बायकाही सरसावल्या. एकजण म्हणाली, माझ्या चुलतजावेने काढलं होतं, तर पोरगं तीन दिवस रडत होतं. अण्णांचा हात तसाच पाळण्यात राहिला. बाळ गाढ झोपलं होतं. अण्णांनी हात मागे घेतला.

"मला किल्ली द्यायचीय," ते म्हणाले. "शब्द दिलाय मी."

"कुणाला? कसली किल्ली?" मामंजींनी विचारलं.

इतके दिवस ज्यांच्यापासून लपवायचं म्हणून आम्ही मरत होतो ती सगळी माणसं समोर होती. अण्णा पाळण्याची कड धरून उभे होते. मला वाटलं, आता हा माणूस इथेच कोसळणार. मी म्हणाले, "मामंजी, हे घर बँकेकडे जातंय. अण्णांचा धंदा बुडाला. आज ताबा द्यायचा म्हणून लिहून दिलंय त्यांनी. हे स्नेही नाहीत, बँकेतून आलेत." आणि मग इतक्या दिवसांचं रडू मला आवरलं नाही.

मामंजी उठले, अण्णांजवळ गेले आणि त्यांना हाताला धरून खुर्चीत बसवलं. "व्याही, पाणी प्या आधी," एवढंच म्हणाले.

मिणचेकर उभे राहिले. त्यांनी पाळण्याकडे पाहिलं, मग माईकडे. माईने मान खाली घातली नव्हती. मी तिला परपुरुषाकडे असं सरळ बघताना पहिल्यांदाच पाहत होते.

"स्वखुशीने दिला तरच मला आज ताबा घेता येतो," ते म्हणाले. "इथे मालकीणबाईंची खुशी दिसत नाही. तसं लिहितो मी." त्यांनी झबल्याचं पाकीट पाळण्यात बाळाच्या पायाशी ठेवलं आणि निघाले. फाटकापर्यंत अण्णा त्यांच्यामागे गेले. काय बोलले ते कळलं नाही, पण अण्णांनी हात जोडलेले मी पाहिले.

त्यानंतर वेळ हातात होता तो सगळा वापरला. उदय आणि कुलथे वकीलबाई माईच्या सहीचा अर्ज घेऊन पुण्याला गेले, मुदतीच्या आत. शेडमधली दोन मशिनं विकून आणि थोडे मामंजींकडून उसने घेऊन सांगितलेली रक्कम भरली. स्थगिती मिळाली. अण्णा या कशातही नव्हते. ते माझ्याशी आणि माईशी जेवणापुरतं बोलायचे. स्थगिती आली तरी माझी झोप उडालेलीच होती, कारण अण्णा अजूनही उठून किल्ली देऊ शकत होते, आणि सव्वा महिना संपत आला होता.

ज्या दिवशी तो संपला त्या दिवशी मला आणि बाळाला न्हाऊ घालून माईने उशाखालून किल्ल्या काढल्या. त्या घेऊन ती अण्णांसमोर उभी राहिली आणि त्यांच्या तळहातावर ठेवल्या. "घ्या. बाळाचं झालं. आता द्यायच्या तर द्या."

"माई!" मी ओरडले. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

अण्णांनी किल्ल्या खिशात घातल्या, धुतलेला सदरा घातला, टोपी घातली आणि निघून गेले. मी फाटकापर्यंत धावले, पण माईने मला मागे ओढलं. ती दुपार मी कशी काढली ते माझं मला ठाऊक. बाळ रडत होतं आणि मला त्याला घ्यावंसंही वाटत नव्हतं. माई तांदूळ निवडत बसली होती. नंतर पाहिलं तर तिने खडे सुपात ठेवून तांदूळ बाजूला टाकले होते.

अण्णा उन्हं कलल्यावर आले. दारात चपला काढल्या. खिशातून किल्ल्या काढून खुंटीला अडकवल्या. मग खाली बसून माईकडे पाणी मागितलं.

"मिणचेकराला भेटून आलो," पाणी पिऊन ते म्हणाले. "तोंडावर सांगितलं. म्हटलं, शब्द मागं घेतो. जन्मात पहिल्यांदा." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "तो म्हणाला, बरं केलंत. चहा पाजला मला."

पुढे दोन वर्षांनी बँकेशी तडजोड झाली. शेड विकावी लागली, घर राहिलं. माझा मुलगा दर सुट्टीत तिथेच असायचा. पाच-सहा वर्षांचा असताना तो अण्णांच्या मागे लागायचा. "आजोबा, उद्या मला संगमावर न्याल? नक्की? शब्द द्या."

"बघू," अण्णा म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी तो उठायच्या आत ते टोपी घालून, त्याच्या चपला हातात घेऊन ओट्यावर बसलेले असायचे. पण शब्द त्यांनी नंतर कधी कुणालाच दिला नाही, नातवालाही नाही.